तोतया हरीण

अमेरिकेत नोव्हेंबर महिना आला की असंख्य माणसे धनुष्यबाण घेऊन झाडावर चढून बसतात. ही थट्टा नव्हे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे ते माजावर येण्याचे दिवस. जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर मचाण बांधून शिकारी तासन्‌तास बसतो, आणि खाली वीसेक यार्डांवर प्लॅस्टिकचे एक हरीण उभे करून ठेवतो. आपल्याकडे सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, तसा हा हरणाचा तोतया!

हा तोतया उभा करण्याचेही शास्त्र आहे. शिंगांचा नर असेल तर त्याचे तोंड मचाणाकडे करतात, कारण खरा नर प्रतिस्पर्ध्याला समोरून भिडायला येतो. मादी असेल तर तिची पाठ मचाणाकडे, कारण नर तिच्या मागून येतो. कसेही झाले तरी तो बाणाच्या टप्प्यातच येऊन ठेपतो. माणसाचा वास लागू नये म्हणून तोतयाला हातमोजे घालूनच हात लावायचा. रानातून नेताना त्यावर नारिंगी कापड टाकायचे. नाहीतर दुसराच शिकारी त्यावर नेम धरायचा!

यात फसवणूक आहे काय? आहेच. पण तिथले धनुर्धारी म्हणतात, धनुष्य ओढताना झालेली हालचाल हरणाला चटकन दिसते. त्याची नजर तोतयावर खिळली असेल तर नेम शांतपणे धरता येतो, बाण फुप्फुसात जातो आणि जनावर जखमी होऊन रानोमाळ तडफडत नाही. मी शाकाहारी घरातला. तरी हा युक्तिवाद मला खोडून काढता येत नाही. शिवाय या छंदाचा पैसा रानालाच मिळतो. बंदुका व काडतुसांवरील कर १९३७ च्या कायद्याने तिथे वन्यजीवांच्या कामाकडे वळवला, आणि १९७२ च्या कायद्याने धनुष्यबाणांनाही त्यात आणले. १९०० च्या सुमारास पाचएक लाखांवर आलेली ही हरणे आज तीन कोटींच्या घरात आहेत.

(रामायणातला मारीच आठवतो ना? तिथे तोतया हरणाने धनुर्धाऱ्यालाच भुलवून नेले. अमेरिकेतले वन्यजीव रक्षकही रस्त्याकडेला मान हलवणारे यांत्रिक हरीण ठेवून चोरट्या शिकाऱ्यांना पकडतात.)

माझा मुद्दा मात्र पुढेच आहे. त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळविटाची शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. ती पुन्हा सुरू करा असे मी मुळीच म्हणत नाही. पण तोतयाची विद्या आपल्याला नवी होती काय? ‘ऐने अकबरी’त पाळीव हरणाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानात सोडण्याचे वर्णन आहे, रानटी नर झुंजायला आला की शिंगे जाळ्यात अडकत. आपले पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटांच्या कळपाजवळ जात, पिंजऱ्यातल्या तित्तिराच्या हाकेवर रानातले तित्तीर बोलावत. वारा, वास, नराचा मत्सर या गोष्टी त्यांना पुस्तकाविना ठाऊक होत्या.

बादशहाने केले तेव्हा ती मौज ठरली. अमेरिकन माणूस परवाना काढून करतो, तो खेळ ठरतो. आणि पारध्याने पोटासाठी केले तर? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात पारधीही सापडले. ज्या जमातीत जन्मलो तीच गुन्हा! तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. गावाबाहेर पारध्यांची पाले पडली की गावकरी आजही कुलपे तपासतात, आणि आपल्यासारखे शिकलेलेही त्याला अपवाद नाहीत.

फसवणूक निंद्य असेल तर ती तिघांचीही निंद्य म्हणा. कौशल्य असेल तर पारध्यालाही त्याचे श्रेय द्या. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी तरुण पाहुण्यांना रानवाटा दाखवतात, ठसे वाचून दाखवतात, पाखरांचे आवाज काढतात. आपल्या महाविद्यालयाची सहल दरवर्षी लेण्यांना जाते. एखाद्या वर्षी ती माळरानावर न्यावी आणि वाट दाखवायला एखाद्या पारधीबाबांना मानधन देऊन बोलवावे, असे मी प्राध्यापकमंडळींना सुचवतो.