विद्येची तागडी

संस्था बंद पडली की ती निकामीच झाली असली पाहिजे, असे समजण्याची लोकांना सवय आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाने २००२ साली आपला संस्कृती-अभ्यासाचा विभाग मोडीत काढला, तेव्हा मात्र हा समज खोटा ठरला. ज्या केंद्रातून तो विभाग वाढला, त्या केंद्राचे नाव तोपर्यंत जगभरच्या विद्यापीठांत रूढ झाले होते आणि तेथे जन्मलेला विषय खंडोखंडी शिकवला जात होता. बीज सर्वत्र रुजले आणि मूळ झाड मात्र माळ्यानेच तोडले, असा हा प्रकार आहे. विद्येच्या कारभाराविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने त्याचा विचार केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या केंद्राचा जन्म १९६४ सालचा. त्याचे संस्थापक रिचर्ड हॉगार्ट हे लीड्स शहराच्या कामकरी वस्तीत वाढलेले, लहानपणीच पोरके झालेले गृहस्थ. कामगार व प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात त्यांची अनेक वर्षे गेली होती. आपल्या वस्तीतील घरे, गाणी, म्हणी आणि तेथे वाचली जाणारी साप्ताहिके यांचे चित्र त्यांनी १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात रेखाटले. अभिजात काव्य ज्या काळजीने वाचतात, त्याच काळजीने साध्या माणसाचे जगणेही वाचता येते, हा त्यांचा सिद्धांत होता. तो विद्यापीठाच्या चौकटीत बसविण्यासाठी त्यांनी पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र काढण्याचे ठरविले. प्रश्न होता पैशाचा.

तो पैसा विद्यापीठाच्या तिजोरीतून आला नाही. डी. एच. लॉरेन्स यांच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवर १९६० साली अश्लीलतेचा खटला झाला. ही कादंबरी अनीतिमान तर नाहीच, उलट नीतीच्या बाबतीत कडवी आहे, अशी साक्ष हॉगार्ट यांनी न्यायालयात दिली आणि ती गाजली. खटला जिंकलेल्या पेंग्विन प्रकाशनाचे सर ॲलन लेन यांनी पुढे केंद्रासाठी देणगी दिली. त्या पैशातून हॉगार्ट यांनी जमेका बेटातून शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आलेल्या स्टुअर्ट हॉल या तरुण अभ्यासकास सोबतीला घेतले. केंद्र उघडताच इंग्रजी विभागातील काहींनी नाके मुरडली आणि समाजशास्त्राच्या पंडितांनी आपल्या कुंपणात पाऊल न टाकण्याचा इशारा दिला. ही हकीकत हॉल यांनीच पुढे नमूद करून ठेवली आहे.

हॉगार्ट युनेस्कोच्या सेवेत गेल्यावर केंद्राची धुरा हॉल यांच्याकडे आली आणि ती त्यांनी १९७९ पर्यंत वाहिली. हाताशी अध्यापक दोन-तीन, खोल्या मोजक्या. पण गुरू-शिष्यांनी एकत्र बसून वाचायचे, गट करून लिहायचे आणि सायक्लोस्टाइलवर काढलेली टिपणे वाटायची, अशी तेथील रीत होती. कामगारांची मुले शाळेत बंड करतात आणि त्याच बंडातून पुन्हा कामगाराच्याच नोकरीला कशी जुंपली जातात, हे पॉल विलिस यांनी १९७७ साली दाखविले. बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागात १९७२ साली तीन मुलांनी एका वाटसरूला लुटले आणि त्यांना अतिशय कठोर शिक्षा झाल्या. त्या घटनेपासून सुरुवात करून हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. वाटमारी जुनीच, पण तिला अमेरिकेतून आणलेले नवे नाव चिकटवून पोलीस, न्यायालये आणि वृत्तपत्रे यांनी मिळून भीतीचे वातावरण कसे उभे केले व कृष्णवर्णीय तरुण संशयाचे धनी कसे ठरले, हे त्यात उलगडले आहे. तो आरसा आम्हां वृत्तपत्रवाल्यांसमोरही धरलेला आहे, हे कबूल करणे आमचे कर्तव्यच होय.

केंद्र निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. जनसामान्यांविषयी लिहिताना त्याची भाषा पुढे पुढे इतकी दुर्बोध झाली, की हॉगार्ट यांच्या रात्रवर्गातील कामगाराला ती उमजली नसती. केंद्रात पुरुषांचाच वरचष्मा आहे, ही तक्रार तेथील स्त्री-अभ्यासकांनी १९७८ साली केंद्राच्याच प्रकाशनातून मांडली; वंशभेदाच्या प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षावर १९८२ साली दुसऱ्या गटाने बोट ठेवले. पण आपल्याच घरातील टीका आपणच छापावी, हे धैर्य किती विद्यापीठे दाखवितात?

पुढे केंद्राचा विभाग झाला, पदवीचे वर्ग आले, विद्यार्थी वाढले. मग २००१ सालच्या राष्ट्रीय संशोधन-मूल्यमापनात त्याला '३-ए' ही मधली श्रेणी मिळाली. तेवढ्यावर बोट ठेवून पुढच्याच वर्षी विभागाला टाळे लागले. देशोदेशींच्या अभ्यासकांनी केलेले निषेध वाया गेले. २०१४ साली, हॉगार्ट आणि हॉल या दोघांच्याही निधनाच्या वर्षी, त्याच विद्यापीठात केंद्राच्या पन्नाशीचा स्मरणसोहळा झाला. आज केंद्राची कागदपत्रे त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. जिवंतपणी अन्न तोडायचे आणि मागाहून श्राद्ध थाटाने घालायचे, असाच हा व्यवहार नव्हे काय?

ही परदेशातील गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले, तेव्हा तोही रूढ विषयांच्या कुंपणांपलीकडचाच प्रयोग होता. पण देशभरच्या अशा केंद्रांच्या अनुदानाविषयी २०१७ साली अनिश्चितता निर्माण झाली आणि अभ्यासकांना दाद मागत फिरावे लागले. आता आपल्याकडेही श्रेणी आणि क्रमवारी यांचा बोलबाला आहे. हिशेब असू नये असे कोणीच म्हणणार नाही. सार्वजनिक पैशाचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु तागडीत घालता येते ते पिकलेले धान्य. नुकत्या रुजलेल्या रोपाचे वजन करायचे तर ते उपटावेच लागते. आपल्या विद्यापीठांच्या चालकांनी तागडी हाती घेण्यापूर्वी बर्मिंगहॅमची ही कहाणी एकदा वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.