हुर्यो कोणाची?

२०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडे मैदानावर मुंबईकरांनी आपल्याच संघाच्या कप्तानाची हुर्यो उडवली. आमच्या बीडच्या पारावरही तीच री ओढली गेली. मी पेशाने मास्तर. गुणपत्रक पाहिल्याविना निकाल देत नाही.

हार्दिक पंड्याच्या हाताखाली मुंबई इंडियन्स १४ सामन्यांपैकी ४ जिंकली आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर गेली. कबूल! पण २०२२ मध्ये? तेव्हाही १४ पैकी ४, तेव्हाही दहावाच क्रमांक. आणि कप्तान होता पाच विजेतेपदे मिळवून देणारा रोहित शर्मा. तेव्हा अशी हुर्यो उडाली नाही, आणि ते योग्यच झाले.

म्हणजे राग पराभवाचा नव्हताच. तो होता डिसेंबर २०२३ मधल्या खांदेपालटाचा. तो निर्णय संघचालकांचा. पण शिव्या खायला मैदानात उभा कोण? कप्तान! आमच्याकडे कारखान्यावरचा राग ऊसतोडीची टोळी मुकादमावर काढते, त्यातलाच हा प्रकार.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचे शेवटचे षटक याच पंड्याने टाकले. भारत ७ धावांनी जिंकला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. लोक म्हणाले, फिटंफाट झाली. कसली फिटंफाट? ज्याने निर्णय घेतला त्याला जाब विचारायची छाती नाही, म्हणून समोर दिसेल त्याला झोडपायचे, ही खोड तशीच राहिली. आणि वाचकहो, ती मैदानापुरती राहत नसते.