विझलेल्या भट्टीचा हिशेब

कारखान्यांचे इतिहास लिहिणारांस एक खोड जडलेली असते: भट्टी पेटली कीं ती धन्याच्या बुद्धीनें, आणि विझली कीं ती काळाच्या महिम्यानें! वेल्समधील मर्थर टिडफिल येथील डौलाइसचा लोखंडाचा कारखाना पाहा. 1759 सालीं स्थापन झालेल्या या कारखान्यांत 1845 च्या सुमारास अठरा झोतभट्ट्या धडधडत होत्या. 1865 मध्यें तेथें बेसेमर पद्धतीचें पोलाद निघूं लागलें. गेस्ट घराण्याच्या दूरदृष्टीचे पोवाडे त्याबद्दल खुशाल गावे. परंतु पोलादाला लागणारें खनिज स्पेनमधून येऊं लागतांच कार्डिफच्या बंदराशीं नवा कारखाना उभा राहिला. 1891 मध्यें तो सुरूही झाला. हा काळाचा महिमा नव्हे, हा हिशेब होता! भांडवल बंदराकडे निघून जातें. पिढ्यान् पिढ्या डोंगरावर नांदलेलें कुटुंब कोठें जाणार? 1930 मध्यें डौलाइसचा मुख्य कारखाना बंद पडला. 1936 च्या नोव्हेंबरांत आठवे एडवर्ड तेथें गेले, कांहीं तरी केलें पाहिजे असें म्हणाले, आणि पुढच्याच महिन्यांत त्यांनीं राज्यत्याग केला!

कोणी म्हणेल, तोट्याची भट्टी कोण जाळीत बसेल? ती जाळा असें आमचेंही म्हणणें नाहीं. परंतु स्थलांतराच्या हिशेबांत मागें उरणाऱ्या माणसांचा रकाना कां नसावा? वेल्समध्येंच पोर्ट टालबट येथील कारखाना 2007 मध्यें टाटांच्या हातीं आला. तेथील शेवटची झोतभट्टी 2024 मध्यें विझली. धनी आपल्याकडचा झाला, तरी तो रकाना भरण्याचें कर्तव्य चुकत नाहीं.