खुर्ची घरी ठेवू नका

लग्नकार्य असो, दवाखान्याची तारीख असो की रविवारची मिस्सा असो, चालता न येणाऱ्या माणसाला मोटारीतून न्यायचे ठरले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: "खुर्ची राहू दे, तिथे उचलून बसवू." पाहुण्यांच्या पिशव्यांना गाडीत जागा असते, चाकांच्या खुर्चीला मात्र नसते. मग दोघेजण बगलेत हात घालून त्या माणसाला उतरवतात, एका कोपऱ्यात बसवतात, आणि निघेपर्यंत ते तिथेच. लघवीला जायचे तरी चारचौघांत हाक मारावी लागते. पुढच्या वेळी ते माणूस आपणच म्हणते, "मला नको, तुम्ही जाऊन या." आमच्या मते हा नकार दुखण्याचा नसतो, मागे राहिलेल्या खुर्चीचा असतो.

वास्तविक घडीची खुर्ची निघाली तीच मोटारीत नेता यावी म्हणून. खाणीतील अपघाताने अधू झालेले अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३०च्या दशकात नळ्यांची, बैठकीखाली फुलीसारखा सांधा असलेली खुर्ची बनवली. १९३७ साली तिचे पेटंट झाले. आपल्याकडील साध्या खुर्चीची ठेवण आजही तीच आहे.

मात्र खुर्ची गाडीत नुसती टाकून भागत नाही. मागे काकींना दवाखान्यात नेताना आम्हीच ती त्यांच्या शेजारी मोकळी ठेवली होती. वाटेत म्हैस आडवी आली, ब्रेक लागला आणि खुर्ची काकींच्या गुडघ्यावर आदळली. वेग बेताचा होता म्हणून सुजेवर निभावले. लोखंडी खुर्ची साधारण १५ ते २० किलोची असते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून थांबली, तर मोकळी वस्तू १० मीटर उंचीवरून पडावी तितक्या वेगाने पुढे येते. उसाची गाडी भरताना नाडा तीनदा ओढून पाहणारे आम्ही, खुर्ची बांधायला विसरलो!

रीत सोपी आहे. आधी माणसाला गाडीत बसवावे. खुर्ची दाराशी तिरकी लावून तिचे दोन्ही ब्रेक लावावेत, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला कराव्यात. प्रथम कंबर सीटवर टेकवावी, मग पाय आत घ्यावेत आणि पट्टा लावावा. नंतर खुर्चीची गादी व सुटणारे भाग काढून घ्यावेत आणि बैठकीचे कापड मधोमध धरून वर ओढावे, म्हणजे घडी होते. घडी दोघांनी उचलून डिकीत आडवी ठेवावी व बांधावी. टपावर न्यायची झाल्यास कॅरिअरला दोन पट्टे घट्ट आवळावेत, आणि चार-पाच किलोमीटरवर थांबून ते पुन्हा ओढून पाहावेत. गादी आतच ठेवावी. ती भिजली तर ओल्या बैठकीने कातडी सोलवटते. नवी खुर्ची घेताना आपल्या गाडीची डिकी आधी मोजावी.

माणसाला खुर्चीसकट टेम्पोत चढवून नेणे शक्यतो टाळावे. दुसरा इलाजच नसेल, तर तोंड पुढच्या दिशेला असावे, आडवे कधीही नको. खुर्चीचा सांगाडा चार ठिकाणी गाडीच्या तळाला बांधावा, चाकांना बांधू नये. माणसासाठी पट्टा वेगळा हवा. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवू नये.

बसमध्ये खुर्ची चढवण्याची व अडकवून ठेवण्याची सोय असावी, असे १ मार्च २०२० पासून लागू झालेला केंद्र सरकारचा नियम सांगतो. गावोगावच्या बसगाड्या सुधारतील तेव्हा सुधारतील. घरच्या गाडीतली सोय आपल्या हातची आहे. ज्यांच्याकडे जीप वा मोटार आहे त्यांनी दोन मजबूत पट्टे कायमचे गाडीत ठेवावेत, आणि कुठेही निघताना खुर्ची आधी चढवावी, पिशव्या नंतर. पिशव्यांना जागा उरली नाही, तर पिशव्या घरी राहू द्याव्यात.