अद्भुत कथामालेंतील पुस्तकें कोणत्या क्रमानें वाचावीं?

एकाच अद्भुत जगाच्या कथा अनेक पुस्तकांतून सांगणाऱ्या कथामाला आतां आमच्या उपनगरांतील मुलामुलींच्या चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत. अंधेरी-बोरिवलीच्या मुलांच्या दप्तरांत त्या जशा आढळतात, तशाच घाटकोपर-मुलुंडच्या मुलांच्याही. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही वारंवार कानीं येऊं लागला आहे. तो हा कीं, मालेंतील कोणतें पुस्तक आधीं वाचावें? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर आपण कसें देतों, यावर मुलाची वाचनाची गोडी टिकणें वा न टिकणें पुष्कळदां अवलंबून असतें. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्वच मालांविषयीं हा वाद उत्पन्न होत नाहीं. हॅरी पॉटरचीं सात पुस्तकें १९९७ पासून २००७ पर्यंत ज्या क्रमानें निघालीं, त्याच क्रमानें नायकाचें वयही वाढत जातें. वाद उत्पन्न होतो तो ग्रंथकार पुढची कथा आधीं सांगून मागची कथा मागाहून लिहितो तेव्हां. याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सी. एस. लुईस यांची नार्नियाची कथामाला. तींतील सात पुस्तकांपैकीं सिंह, चेटकीण व कपाट यांच्या कथेचें पुस्तक १९५० सालीं प्रथम निघालें, व सातवें १९५६ सालीं. परंतु तें अद्भुत जग मुळांत निर्माण कसें झालें, हें सांगणारें ‘जादूगाराचा भाचा’ ह्या अर्थाच्या नांवाचें पुस्तक १९५५ सालीं, म्हणजे सहावें, प्रसिद्ध झालें. पुढें प्रकाशकांनीं घटनाक्रमाकडे पाहून नवे अंक घातले. १९९४ सालच्या हार्परकॉलिन्सच्या आवृत्तींत सहाव्या पुस्तकास पहिला अंक मिळाला, व मूळचें पहिलें पुस्तक दुसरें झालें.

ह्या नव्या क्रमास खुद्द ग्रंथकाराचा आधार आहे असें सांगतात, व तें खोटें नाहीं. १९५७ सालीं एका अमेरिकन मुलानें लुईस यांस ह्याविषयीं पत्र लिहिलें होतें. मुलाची आई प्रसिद्धीच्या क्रमाच्या बाजूची, तर मुलगा घटनाक्रमाच्या बाजूचा. लुईस यांनीं आपला कल मुलाच्या बाजूस दर्शविला. परंतु कोणत्या क्रमानें वाचावें यास कदाचित् फारसें महत्त्व नसेलही, असें त्याच पत्रांत जोडलें. शिवाय पहिलें पुस्तक लिहितांना आपण पुढें आणखी पुस्तकें लिहूं हें आपणांस ठाऊक नव्हतें, असेंही त्यांनीं कळविलें.

ग्रंथकाराविषयीं पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस त्याच्या ह्या शेवटच्या वाक्याचें महत्त्व अधिक वाटतें. जें पुस्तक लिहितांना खुद्द लेखकासच पुढचेंमागचें ठाऊक नव्हतें, तें कांहींच ठाऊक नसलेल्या वाचकासाठीं रचलेलें आहे. पहिल्या पुस्तकांत लूसी नांवाची लहान मुलगी कपड्यांच्या कपाटांत शिरते व बर्फाच्छादित अरण्यांत बाहेर पडते. तेथें झाडांच्या मध्यें तिला रस्त्यावरच्यासारखा दिव्याचा एक खांब पेटलेला दिसतो. निर्जन अरण्यांत हा खांब कोणी रोवला? तिच्याप्रमाणें वाचकही थबकतो, व तो प्रश्न मनांत बाळगून पुढें जातो. त्याचें उत्तर लेखकानें दिलें तें पांच वर्षांनीं, सहाव्या पुस्तकांत. ज्या मुलानें नव्या अंकाप्रमाणें तें पुस्तक आधीं वाचलें, त्यास अरण्यांतील तो खांब म्हणजे केवळ जुनी ओळख होय. त्याच्या हातीं उत्तर आधीं आलें, व प्रश्न पडण्याचें सुख मात्र कायमचें गेलें. लेखकास हें सुख पारखून पाहतां येत नाहीं. कारण आपलीच कथा अजाणतेपणीं वाचणें त्यास अशक्य असतें.

घटनाक्रमाचा आग्रह सर्वत्र धरूं लागल्यास काय होईल, हेंही पाहावें. टोल्किन यांचें ‘द हॉबिट’ १९३७ सालीं निघालें, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ सालीं, व त्या जगाच्या अगदीं आरंभाच्या कथा असलेलें ‘द सिल्मरिलियन’ लेखकाच्या मृत्यूनंतर १९७७ सालीं. बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं तें शेवटचें पुस्तक प्रथम दिल्यास तो बहुधा त्या जगाकडे पुन्हां फिरकणारही नाहीं.

दूर कशास जावें? आमच्या ह्या मुंबईंतच १८६५ सालीं जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंग यांनीं मोगलीच्या गोष्टी कशा सांगितल्या तें पाहा. मोगली प्रथम वाचकांपुढें आला तो १८९३ सालच्या एका कथेंत, व तो प्रौढ होऊन जंगलखात्याच्या चाकरींत शिरतो तो प्रसंग तींत आहे. त्याचें बालपण आलें तें १८९४ सालच्या ‘द जंगल बुक’ ह्या पुस्तकांत. त्यांतील पहिल्या कथेच्या शेवटीं तो लांडग्यांचा कळप सोडून जातो, आणि दुसरी कथा त्यापूर्वींच्या दिवसांची आहे! बोरिवलीच्या व मुलुंडच्या दरम्यान पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानांत आजही बिबळे फिरतात. त्या रानाच्या कडेस राहणाऱ्या आमच्या मुलांस ह्या उलटसुलट क्रमामुळें मोगली समजला नाहीं, असें आम्हांस कधीं आढळलेलें नाहीं.

मुलें गोंधळतील ही भीति व्यर्थ आहे. महाभारताचा आरंभ जनमेजयाच्या सर्पसत्राच्या हकीकतीनें होतो, व त्याच्या पणजोबांची कथा मागाहून येते. रविवारच्या शाळेंत दाविदाची गोष्ट आधीं व अब्राहामाची नंतर ऐकणारीं मुलें दोन्ही गोष्टी आपापल्या जागीं नीट लावून घेतात. अशी जुळवाजुळव करणें हा बुद्धीचा उत्तम व्यायाम आहे. तो मुलांपासून आपण हिरावून घेऊं नये.

तरीही आमचें म्हणणें प्रसिद्धीच्या क्रमाचा नवा जुलूम व्हावा असें नाहीं. खरी हानि होते ती येथेंच. वाचनालयांत मालेंतील एक पुस्तक कोणीतरी नेलेलें असतें, व तें परत येईपर्यंत ‘आधींचें वाचल्याशिवाय पुढचें मिळणार नाहीं’ असें सांगून मुलास रिकाम्या हातीं धाडण्यांत येतें. दोन महिने लोटतात, परीक्षा येते, व त्या मुलाचें मन दुसरीकडे वळतें. घाटकोपरच्या मुलास ठाण्यास जावयाचें असतां तो आधीं उलट मुंबईस जाऊन गाडी धरीत नाहीं. बसावयास जागा मिळावी म्हणून कोणी तसें केलें, तर ती गोष्ट निराळी! आपलें स्टेशन जेथें असेल तेथूनच आपण गाडींत चढतों.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, मालेंतील सर्व पुस्तकें मिळण्यासारखीं असतील तर प्रथम वाचतांना तीं ज्या क्रमानें निघालीं त्याच क्रमानें वाचावीं. पुठ्ठ्यावरील अंकाकडे न पाहतां आंतील पानावरचें प्रथमावृत्तीचें साल पाहावें. दुसऱ्यांदां वाचतांना घटनाक्रमानें वाचावीं. तेव्हां आधीं न दिसलेले धागेदोरे दिसूं लागतात, व तें सुखही कमी प्रतीचें नव्हे. परंतु रद्दीच्या दुकानांत किंवा मित्राच्या घरीं तिसरेंच पुस्तक हातीं लागलें, तर तें उघडून वाचावयास बसावें. वडील मंडळींस व ग्रंथपालांस आमची एवढीच विनंति आहे कीं, क्रम विचारणाऱ्या मुलास क्रम अवश्य सांगावा. पण हातीं आलेलें पुस्तक त्यापायीं काढून घेऊं नये.