मागचे टायर

आमचे चाचा सोलापुरात रिक्षा चालवतात. गेल्या पावसाळ्यात एका आजारी बाईंना दवाखान्यात नेताना त्यांच्या डाव्या मागच्या टायरचा रिमोल्डचा पट्टा सुटला. रिक्षा डगमगली, पण उलटली नाही. संध्याकाळी घरात ज्याने त्याने त्यांना सुनावले, आणि मीही त्यात होतोच. चाचा फक्त म्हणाले, "नवा डालनेकू पैसे तू देता क्या?"

मी गप्प बसलो. नंतर त्यांच्याबरोबर टायरच्या दुकानात गेलो तेव्हा कळले की उपदेश करणाऱ्यांना या विषयातले फारसे काही ठाऊक नसते.

रिक्षात इंजिन मागे, प्रवासी मागे आणि ओढणारी चाकेही मागचीच. पुढचे एकटे चाक फक्त वळवते आणि ब्रेकला मदत करते. म्हणून मागचे टायर आधी झिजतात. हवा कमी असली तर दोन्ही कडा जातात, जास्त असली तर मधला भाग. कडा एकाच बाजूने खाल्ली जात असेल तर दोष टायरचा नसतो, चाक किंवा सस्पेन्शन तपासावे लागते. तिथे नवा टायर टाकणे म्हणजे पैसे रस्त्यावर घासणे.

रिमोल्डला नावे ठेवणाऱ्यांना एक सांगतो. एसटीच्या गाड्यांना रिट्रेड टायर चालतात, महामंडळाचे स्वतःचे प्लांट आहेत. विमानांचे टायरसुद्धा पुन्हा पुन्हा रिट्रेड होतात. प्रश्न जुन्या टायरच्या सांगाड्याचा असतो. तो मजबूत असेल तर नवा पट्टा टिकतो. बाजूला फुगवटा, आत तुटलेले धागे किंवा जागोजागी पंक्चरचे ठिगळ असेल, तर त्यावर कितीही चांगला रबर चढवा, तो एक दिवस सुटणारच. चाचांचा टायर याच जातीचा होता, आणि तिसऱ्यांदा चढवलेला.

माझे मत असे: रिक्षाच्या तिन्ही चाकांना बहुतेक एकाच मापाचे, 4.00-8 चे, टायर लागतात. नवा टायर पुढे टाकावा आणि पुढचा, अजून बरा असलेला, मागे न्यावा. रिमोल्ड घ्यायचाच तर फक्त मागे, तोही एकदाच. पुढे कधीच नाही, कारण तिथे सावरायला जोडीचे दुसरे चाक नसते. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही बघा: 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेला "नवा" टायर स्वस्त मिळतो, ते उगाच नाही.

नियमाप्रमाणे तीनचाकीच्या टायरवर किमान 0.8 मिलिमीटर नक्षी हवी. पासिंगच्या दिवशी ती असतेही. मित्राच्या रिक्षाचे टायर दोन तासांसाठी आणणारे मी पाहिलेत. दुपारी पुन्हा तेच गुळगुळीत टायर रस्त्यावर. परवाना तीन प्रवाशांचा आणि बसतात सहा, त्यात शाळेची मुले तर मोजतच नाहीत. त्या ओझ्याने टायर तापतो आणि सांगाडा आतून मरतो. याला जबाबदार एकटा चालक नाही. शेअरमध्ये दहा रुपये वाचवायला दाटीवाटीने बसणारे आपणही आहोत.

शिफ्टवर चालवणाऱ्याची गोष्ट आणखी वाईट. टायर मालकाचा, जीव चालकाचा. मालक म्हणतो अजून महिनाभर चालेल. चालकाने आज रिक्षा नाकारली तर उद्या दुसरा उभा असतो.

आपल्या मोहल्ल्यांत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आहेत. त्या लग्नाला देतात, इलाजाला देतात, कधी रिक्षा घ्यायलाही देतात. टायरच्या जोडीसाठी दोन-तीन हजार रुपये, आठवड्याच्या हप्त्याने, का देऊ नयेत? रक्कम लहान आहे आणि फेडणारा रोज कमावतो. मी आमच्या इथल्या संस्थेत हा विषय काढला, तेव्हा एक बुजुर्ग हसून म्हणाले, "अब टायरकू भी कर्जा?"

चाचांनी अखेर उसनवारी करून एक नवा टायर घेतला. तो पुढे बसवला, पुढचा मागे नेला. उजवा मागचा अजून रिमोल्डच आहे. तो बदलायला दिवाळीपर्यंत थांबावे लागेल, असे ते म्हणतात. तोवर चौथा प्रवासी घेत नाहीत.