दोन ‘कुमारिका’ आणि अनुवादाचे प्रामाण्य

बायबलच्या दोन अनुवादांत भेद आढळला की त्यांपैकी एक अप्रमाण असलाच पाहिजे, असे सर्रास गृहीत धरले जाते. हे गृहीतक यशया ७:१४ पाशीच कोलमडते. तेथील ‘अल्मा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. कौमार्य हा त्याचा वाच्यार्थ नव्हे. सेप्टुअजिंट या इसवी सनापूर्वीच्या ग्रीक अनुवादाने तेथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारिका, हा शब्द योजला आणि मत्तयाने (१:२३) तोच उद्धृत केला.

१९५२ साली अमेरिकेतील रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनने यशयात ‘तरुण स्त्री’ छापले, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातील एका धर्मोपदेशकाने ते पानच जाळले. त्याच आवृत्तीत मत्तयातील ‘कुमारिका’ मात्र अबाधित होती! ही विसंगती नव्हे; तो त्या ग्रंथाचा इतिहास आहे. न्यू इंटरनॅशनल व्हर्शन दोन्हीकडे ‘कुमारिका’ छापते. या सुसंगतीची किंमत कोणती? मत्तय स्वतः एका अनुवादावर विसंबला होता, ही गोष्टच मुख्य पाठातून पुसली जाते.

‘मूळ हिब्रूकडे चला’ म्हणणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. हिब्रूनुसार मत्तयाला दुरुस्त करू गेल्यास मत्तयच उरत नाही. त्याच्यापुरते प्रमाण वचन ग्रीकच. आणि कुमारीजन्माची श्रद्धा केवळ एका चुकीच्या भाषांतरातून उपजली, हा बुद्धिवाद्यांचा लाडका निष्कर्ष तर अधिकच उथळ आहे: लूक यशयाचे हे वचन उद्धृत न करताच मरीयेला कुमारिका म्हणतो.